सहा महिन्यांची घाई आणि एक न मागितलेला आकडा

मेलबर्नहून एका वाचकाने विचारलं आहे. वय ५७. ब्रिटनमध्ये एकोणीस वर्षं नोकरी, तिथे पेन्शनचा निधी साठलेला. फेब्रुवारीत दहा दिवस येऊन पीआर (कायम वास्तव्याच्या) व्हिसाची औपचारिकता उरकली, मग ९ मे रोजी बाडबिस्तरा घेऊन कायमचं स्थलांतर. आता ऑगस्ट संपत आला आहे. "सहा महिन्यांत पैसे काढले नाहीत तर ऑस्ट्रेलियात सगळ्या रकमेवर कर बसतो, असं सगळे सांगतात. शिवाय मोजणी फेब्रुवारीपासून धरतात म्हणे, म्हणजे मुदत गेलीच. निधी मोडू का?" अशी पत्रं इतकी येतात की हे "सगळे" कोण, हे मला एकदा पाहायचं आहे.

सगळ्या रकमेवर कर बसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९९७ च्या आयकर कायद्यात दोन कलमं आहेत. ३०५-६० म्हणतं, करासाठी रहिवासी झाल्यापासून सहा महिन्यांत परदेशी फंडातून एकरकमी पैसे मिळाले तर ते साधारणपणे करमुक्त. मुदत उलटली की ३०५-७० लागू होतं, आणि कर लागतो तो रहिवासी झाल्यानंतर फंडात झालेल्या वाढीवर. आधीची एकोणीस वर्षांची पुंजी त्यात येत नाही. आता स्वतःच हिशेब करा. सातव्या महिन्यात पैसे काढलेत तर करपात्र काय, तर सात महिन्यांची वाढ. एवढ्यासाठी अख्खा निधी मोडायचा?

निर्णय ठरतो तो वेगळ्याच आकड्यावर: रहिवासी होण्याच्या लगेच आधी फंडात तुमच्या नावे किती रक्कम होती. वाढ त्याच्यापासून मोजली जाते. तो आकडा तुम्ही मागितलेलाच नाही. उलट पेन्शन कंपनीने जूनमध्ये ओळखपत्राची साक्षांकित प्रत मागितली, तेही पत्र अजून तसंच पडून आहे. दहा वर्षांनी हा आकडा शोधायला निघालात, तोवर कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असेल, आणि मग सिद्ध करायची जबाबदारी तुमची. ८ मे या तारखेचं लेखी मूल्यांकन आजच मागवा.

८ मेच का? दहा दिवस येऊन, बँकखातं उघडून परत गेल्याने माणूस सहसा रहिवासी होत नाही. घर, कुटुंब, सामान, नोकरी कुठे होती हे पाहिलं जातं. तुमचं सगळं मेपर्यंत ब्रिटनमध्ये होतं, त्यामुळे मी ९ मे धरेन. तरी फेब्रुवारीच्या फेरीआधीचा आकडाही मागवून ठेवा. वाद निघाला तर हाताशी असावा.

उरलं ब्रिटन. तिथे काढलेल्या रकमेचा पाव भाग साधारणपणे करमुक्त, बाकीचं त्या वर्षाचं उत्पन्न. १,२५,१४० पौंडांच्या वरच्या उत्पन्नावर ४५ टक्के. दोन देशांच्या २००३ च्या करारानुसार पेन्शनवर कर लावण्याचा हक्क राहत्या देशाचा आहे. पण तुमच्या एकरकमी रकमेला ते कलम लागू होईल, यावर ब्रिटिश करसल्लागाराचं लेखी मत घेतल्याशिवाय मी पैज लावणार नाही. ते कलम लागू झालं नाही, तर ऑस्ट्रेलियातला किरकोळ कर वाचवायला ब्रिटनमध्ये घसघशीत कर भरून बसाल. म्हणून घाईने पूर्ण निधी मोडू नका, हे माझं मत.

मात्र करसल्लागाराचं मत अनुकूल आलं आणि पैसे तुम्हाला तसेही हवेच असतील, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीची मुदत सांभाळा. त्या मुदतीत अर्ज करून भागत नाही, पैसे मिळालेले असावे लागतात. ब्रिटिश करखात्याकडून कर न कापण्याचा कोड येईपर्यंत थांबलात तर मुदत हुकेल. ती कचेरी कोणासाठी धावत नाही. कापू द्या, परतावा नंतर मागा.

काही न करता दहा-पंधरा वर्षं बसणं हाही उपाय नाही. वाढ साचत जाते, आणि एकदम काढली की एकाच वर्षाच्या उत्पन्नात येते. ब्रिटनचा करमुक्त पाव भाग तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कायदा वेगळा काढत नाही. दरमहा पेन्शन घेतलीत तर गणित निराळं, ते लेखापालाकडून करून घ्या.

हे सगळं तुमचा निधी गुंतवणुकीचा आहे असं धरून. शेवटच्या पगारावर ठरणारी पेन्शन असेल तर ती मोडण्याचा विचार सोडा. ३०,००० पौंडांहून जास्त मूल्य असेल तर परवानाधारक सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय ब्रिटिश कायदा ती हलवूच देत नाही. तुमची योजना ऑस्ट्रेलियन कायद्याच्या "परदेशी फंड" या व्याख्येत बसते का, हेही तपासा. बसत नसेल तर ३०५-६० ची सहा महिन्यांची करमुक्ती मिळत नाही, आणि ३०५-७० लागू होईलच असंही नाही.

आणि पाच वर्षांत ब्रिटनला परतण्याचा विचार मनात असेल तर तो आधी सांगा. मधल्या काळात एक लाख पौंडांहून जास्त काढलेले पैसे परतल्यावर तिथे करपात्र ठरू शकतात, आणि मग माझा सल्ला बदलेल.