लाइन आउट थेट गिटार अॅम्पला लावल्यावर आवाज का फाटतो

कॉम्प्युटरला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या लाइन आउटमधून ड्राय गिटार ट्रॅक (अॅम्प किंवा इफेक्टशिवाय रेकॉर्ड केलेली गिटार) व्हॉल्व्ह अॅम्पला दिला की आवाज फाटतो, हमिंगही येतं. इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) जुळत नाही म्हणून का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. लाइन आउटचा इम्पीडन्स साधारण १०० ओहम आणि अॅम्पच्या इनपुटचा १ मेगओहम. पुढचा आकडा मागच्याच्या दहापट किंवा जास्त असला की व्होल्टेज जवळजवळ पूर्ण पोचतं, दोन्ही सारखे असायची गरज नाही. घोळ लेव्हलचा आहे. लाइन आउटची नेहमीची व्यावसायिक लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, आणि ट्रॅकची शिखरं याच्याही बरीच वर जातात. गिटार मात्र सहसा १००-२०० मिलिव्होल्ट देते. हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) जोरात स्ट्रोक मारला तर व्होल्टभर.

म्हणून इंटरफेस आणि अॅम्पच्या मध्ये लावायला एक डबा बनवा: त्यात लेव्हल साधारण २० डीबी कमी करायची आणि मध्ये १:१ ट्रान्सफॉर्मर घालायचा. ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. तीन संपर्कांच्या (टिप, रिंग, स्लीव्ह) टीआरएस जॅकच्या टिपला २.२ किलोओहम, रिंगला २.२ किलोओहम, त्यांच्या पुढच्या टोकांमध्ये ४७० ओहम, आणि त्या ४७० वर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (इनपुटची कॉइल). इंटरफेसचं आउटपुट अनबॅलन्स्ड (फक्त टिप आणि स्लीव्ह वापरणारं) असेल तर रिंगऐवजी स्लीव्ह. सेकंडरीवर (आउटपुटच्या कॉइलवर) १० किलोओहमचा लॉग पॉट (व्हॉल्यूमसारखा फिरवायचा रेझिस्टर), त्याच्या मधल्या पायातून १० किलोओहम रेझिस्टरमार्गे अॅम्पकडे. लेव्हल कमी करणारे २.२ किलोओहम आणि ४७० ओहमचे रेझिस्टर ट्रान्सफॉर्मरच्या आधीच हवेत. ते वगळून सिग्नल थेट ट्रान्सफॉर्मरला दिलात आणि लेव्हल फक्त नंतरच्या पॉटने कमी केलीत, तर स्वस्त कोअर पूर्ण लेव्हलला सॅच्युरेट होतो आणि खालच्या ई तारेचा बेस गढूळ येतो.

लेव्हल लावायला साधा मल्टिमीटर निरुपयोगी, कारण त्याची सर्वात खालची एसी रेंज बहुधा २०० व्होल्टची असते. त्यापेक्षा इंटरफेसच्या ज्या हाय-झी (गिटारसाठीच्या, जास्त इम्पीडन्सच्या) इनपुटवर गिटार रेकॉर्ड केली, त्याचा गेन अजिबात हलवू नका. डब्याचं आउटपुट त्याच इनपुटला लावा, ट्रॅक वाजवा आणि मीटरवर मूळ रेकॉर्डिंगइतकंच शिखर दिसेपर्यंत पॉट फिरवा. तेवढं झालं की अॅम्पला गिटारइतकंच व्होल्टेज मिळतंय. त्या चॅनलचं मॉनिटरिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर सिग्नल फिरत राहून शिट्टी येईल.

हमिंग ग्राउंड लूपचं (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचं) असतं. इंटरफेसचा स्लीव्ह आणि अॅम्पचा स्लीव्ह डब्यात एकमेकांना चिकटता कामा नयेत. डबा धातूचा असेल तर इनपुट जॅक प्लास्टिक बॉडीचा घ्या आणि डबा फक्त अॅम्पच्या बाजूला जोडा. उरलेली गुणगुण डबा अॅम्पच्या मेन ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेला की बहुतेक जाते. अॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा 'उपाय' कोणी सांगितला तर ऐकू नका. आत दोषामुळे चॅसिसवर करंट आला तर तो तुमच्या अंगातून जाईल.

ड्राय ट्रॅकच १० किलोओहमच्या लाइन इनपुटवर घेतला असेल तर पिकअपवर लोड येऊन ट्रेबल आधीच गेलेलं असतं. ते हा डबा परत आणत नाही.

इम्पीडन्स खरोखर नडतो तो जुन्या धाटणीच्या फझ पेडलला (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पेडलला). त्याचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी की पिकअपची कॉइल त्याच्या सर्किटचाच भाग बनते. डब्यानंतर, अॅम्पच्या आधी फझ लावला की आवाज कर्कश होतो. तिथे पॉटनंतरच्या रेझिस्टरला १० ऐवजी २२ किलोओहम घालून पाहा. थोडा मऊ होईल, पण पिकअपच्या इंडक्टन्सची जागा रेझिस्टर घेऊ शकत नाही. फझ हवाच असेल तर तो मूळ रेकॉर्डिंगच्या वेळीच गिटारनंतर लावलेला बरा.