कुंपणालगतची गुलाबी सदाफुली

प्रश्न : आमच्या पश्चिमेकडील कुंपणालगत दिवसभर ऊन असते, जमीन काळी, भारी आहे. मृगात तिथे गुलाबी सदाफुली लावली होती. श्रावणापर्यंत ती छान फुलली, पण नंतर बरीच रोपे बुंध्याशी काळी पडून माना टाकून गेली. एका रोपाला तर फुलांच्या जागी हिरवी पानेच येत आहेत. रोज पाणी देऊनही असे का व्हावे?
— एक वाचिका, अमळनेर

उत्तर : रोपे रोज पाणी दिल्यामुळेच गेली, असे म्हणावे लागते. मूळची मादागास्करची असलेली सदाफुली खानदेशातील 44-45 अंशांचे ऊन सोसते, परंतु मुळाशी साचलेले पाणी तिला मुळीच सोसत नाही. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात कित्येक दिवस ओल धरून ठेवते आणि अशा ओलीत फायटोप्थोरा ही बुरशी बुंध्यापासून रोप कुजवते. काळे पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ते मुळासकट काढून टाकावे आणि त्याच जागी लगेच दुसरे लावू नये.

काळ्या मातीत दोन घमेली वाळू मिसळल्याने निचरा सुधारेल, हा समज सोडून द्यावा. त्यापेक्षा कुंपणालगत वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, त्यात पोयटा, मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि एकेक फुटावर रोपे लावावीत. मुरूम चुनखडीचा नसावा, कारण चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. अशा वेळी युरिया दिल्याने काही साधत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावा.

पावसाळ्यात वरून पाणी देऊच नये. वैशाखात भर दुपारी पाने मलूल दिसली तरी लगेच पाणी घालू नये. सकाळी बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली, तरच घालावे.

हिरव्या फुलांचे रोप मात्र वेगळ्या रोगाचे आहे. हा फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखा सूक्ष्म रोगजंतू) तुडतुड्यांमुळे पसरतो आणि त्यावर घरगुती उपाय नाही, म्हणून ते रोप आजच उपटावे. त्याच्या फांद्या लावण्यासाठी ठेवू नयेत.

पाऊस सरल्यावर एक तृतीयांश छाटणी केली की झाड डेरेदार होते. छाटताना निघणारा पांढरा चीक विषारी असतो. रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन याच झाडापासून मिळते, यावरून त्याची ताकद लक्षात यावी. तरीही मधुमेहासाठी याची पाने चघळणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे अनुकरण करू नये. शेळ्या मात्र या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, ही कुंपणाच्या दृष्टीने सोयच आहे.

बी घरचे धरणार असाल, तर ते मातीने पूर्ण झाकावे, कारण ते अंधारात चांगले उगवते. संकरित रोपांच्या बियांतून मात्र तोच गुलाबी रंग येईलच असे नाही.