वाचकांचे प्रश्न : मंगळाच्या हवेला नाक लावताना

मंगळाच्या वरच्या वातावरणात मास स्पेक्ट्रोमीटर (वायू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखून मोजणारं यंत्र) नेमकं काय मोजतो, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : कॉलेजच्या मास स्पेक्ट्रोमीटरला दणकट निर्वात पंप लागतो आणि तो चालू करून तासन्‌तास वाट पाहावी लागते. मंगळयानावरचं हे यंत्र जेमतेम साडेतीन किलोचं होतं म्हणतात. मग पंप कुठे गेला?
– एम.एस्सी.चा विद्यार्थी, गणेशखिंड

पंप पुण्यात लागतो, कारण इथल्या एका घन सेंटिमीटर हवेत २३ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. यंत्रात रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांचे विद्युतभारित आयन बनवतात. क्वाड्रुपोल म्हणजे वस्तुमानानुसार आयन निवडणारी चाळणी; तिच्या चार दांड्यांमधून आयनाला कुणाला न धडकता पार व्हायचं असतं; एवढ्या गर्दीत ते जमणार नाही. मंगळाच्या पृष्ठभागापासून १५० किमीवर हीच संख्या अब्जांच्या घरात उतरते. निर्वात तिथे फुकट मिळतो.

खरी अडचण वेगळीच आहे. पुण्याची हवा, विशेषतः पावसाळ्यातली, यंत्राच्या भिंतींना पाण्याचा थर चिकटवते आणि तो महिनोन्‌महिने सुटत राहतो. म्हणून नासाच्या मेव्हन यानावरच्या एनजीआयएमएस या मास स्पेक्ट्रोमीटरसारख्या यंत्राचा सेन्सर जमिनीवरच तापवून, निर्वात करून सीलबंद करतात आणि झाकण मंगळाच्या कक्षेत पोचल्यावरच उडवतात. एवढं करूनही १८ वस्तुमानावर पाण्याचा खांब, म्हणजे आलेखातला उंचवटा, दिसतोच, कारण यानाची आवरणं आणि चिकटपट्ट्याही वाफा सोडत असतात. यान मंगळापासून दूर असताना ही ‘घरची’ पातळी नोंदवून वजा करतात. मात्र ती स्थिर नसते. दाट थरात बुडी मारून वर येताना भिंतींनी धरलेला वायू सुटू लागतो आणि त्याच उंचीवर आकडा जातानापेक्षा जास्त दिसतो. त्यामुळे खाली जातानाच्या नोंदी अधिक भरवशाच्या.

प्रश्न : यान सेकंदाला चार किलोमीटर धावतंय, म्हणजे तोंडातून हवा आत कोंबली जाणार. मग मोजलेली घनता खरी कशी मानायची?
– निवृत्त अभियंता, चिंचवड

खरी मानतच नाहीत, उलट गणित करून काढतात. एनजीआयएमएसची एक बाजू ‘बंद स्रोत’ असते : छोटीशी कोठडी, तिला एकच भोक. रेणू भोकातून ४.२ किमी वेगानं आत येतात, भिंतींवर आपटून थंडावतात आणि मग रमतगमत बाहेर पडतात. येणं झपाट्यानं, जाणं सावकाश, म्हणून आत गर्दी वाढते. किती पट, ते यानाच्या वेगाची चौपट भागिले कोठडीतल्या रेणूंचा सरासरी वेग या सूत्रानं निघतं. कोठडी ३०० केल्विनला असेल तर कार्बन डायऑक्साइडचा सरासरी वेग सेकंदाला ३८० मीटर, म्हणजे ४.२ किमीला सुमारे ४४ पट. हेलियम चपळ असल्यामुळे जेमतेम १३ पट. हा गुणाकार प्रत्येक वायूसाठी वेगळा करायचा असतो. सगळ्यांना एकच आकडा लावला तर हेलियमचं प्रमाण साफ चुकतं.

विरळ हवेत ही वाढ फायद्याचीच. पण भिंतीवर आपटताना रेणू बदलला तर? एकाट, म्हणजे जोडी न झालेले, ऑक्सिजन अणू भिंतीवर जोडीदार शोधतात आणि ऑक्सिजनचे रेणू होऊन बाहेर येतात. मंगळाच्या वरच्या थरात एकाट ऑक्सिजनच महत्त्वाचा, म्हणून त्यासाठी ‘उघडा स्रोत’ वापरतात. तिथे वायू भिंतीला न शिवता थेट इलेक्ट्रॉनांच्या झोतात जातो. ४.२ किमी वेगाच्या ऑक्सिजन अणूजवळ सुमारे दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जा असते, भिंतीवरून सुटलेल्या अणूजवळ नगण्य. या फरकावर पाहुणा आणि घरचा वेगळा करता येतो. किंमत म्हणजे संवेदनशीलता कमी होते आणि यानाचं तोंड प्रवासाच्या दिशेला काटेकोर ठेवावं लागतं.

भिंत किती फसवू शकते हे शनीजवळ दिसलं. कॅसिनी यान एन्सेलेडस चंद्राच्या फवाऱ्यातून सेकंदाला सुमारे १७ किमी वेगानं गेलं, तेव्हा बर्फाचे कण कोठडीच्या टायटॅनियमवर आदळून ताजा धातू उघडा पडत होता. तो पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतो. मग दिसलेला हायड्रोजन चंद्राचा की कोठडीचा? उत्तरासाठी ऑक्टोबर २०१५ मध्ये ८.५ किमी या कमी वेगानं, उघडा स्रोत वापरून पुन्हा मोजलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला : हायड्रोजन खरा, फवाऱ्यात ०.४ ते १.४ टक्के.

प्रश्न : नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघांचंही वस्तुमान २८. यंत्र त्यांना ओळखतं कसं?
– शिक्षिका, सिंहगड रोड

२८ च्या खांबावरून ओळखूच शकत नाही. या हलक्या क्वाड्रुपोलना पूर्णांकापलीकडचा फरक दिसत नाही. त्यात ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात कार्बन डायऑक्साइडही फुटतो आणि स्वतःच्या ४४ च्या खांबाच्या साधारण १० टक्के भर २८ वर टाकतो. म्हणजे एका ताटात तिघं जेवणारे.

म्हणून तुकड्यांकडे पाहायचं. आधी ४४ वरून कार्बन डायऑक्साइडचा वाटा काढून वजा करा. नायट्रोजन फुटला की १४ वर अणू देतो, कार्बन मोनॉक्साइड १२ वर कार्बन देतो. पण १२ वर कार्बन डायऑक्साइडचाही कार्बन येतो, म्हणून तिथेही वजाबाकी लागते. तुकड्यांचं प्रमाण पुस्तकातून उचलू नका. ते यंत्रागणिक बदलतं, म्हणून उड्डाणापूर्वी त्याच सेन्सरवर मोजून ठेवतात. आणि खालच्या दाट थरात ४४ चा खांब आयन मोजणाऱ्या गणकाला झेपत नाही, आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी १३ वजनाच्या कार्बनचा ४५ चा लहान खांब किंवा दोन विद्युतभारांचा, म्हणून २२ वर दिसणारा खांब कामी येतो.

प्रश्न : यानाच्या तापमापकाशिवाय तिथलं तापमान कसं सांगतात? आणि हा डेटा आम्हाला पाहता येईल का?
– खगोलप्रेमी, औंध

आर्गॉनवरून. तो भिंतीला चिकटत नाही, कुणाशी अभिक्रिया करत नाही. या धंद्यातला सगळ्यात सरळ माणूस. वर जाताना घनता २.७२ पटींनी घटायला किती किलोमीटर लागतात ते काढायचं. ते अंतर म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, भागिले अणूचं वस्तुमान आणि तिथलं गुरुत्व. १५० किमीवर आर्गॉनचं हे अंतर १२.३ किमी आलं तर तापमान सुमारे २०० केल्विन.

इथे एक खड्डा आहे. मेव्हनच्या सुरुवातीच्या १५० बाय ६,२०० किमी कक्षेत, सर्वांत खालच्या बिंदूपासून १२ किमी वर चढेपर्यंत यान जमिनीला समांतर सुमारे ५०० किमी सरकतं. पुण्याहून सरळ रेषेत हैदराबादपर्यंत. तेवढ्यात मंगळावरची वेळ, अक्षांश, सगळं बदलतं. त्यामुळे एका फेरीतलं तापमान हे तिरक्या रेषेवरचं असतं, बऱ्याच फेऱ्या एकत्र केल्याशिवाय त्यावर फार बोलू नये.

मंगळयानावरच्या मेन्का या साडेतीन किलोच्या यंत्रानं डिसेंबर २०१४ मध्ये, कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू २६० किमीच्या आसपास आला असताना, संध्याकाळच्या बाजूचं तापमान सुमारे २७१ केल्विन दिलं. साधारण २७० किमीवर एकाट ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीला येतो, हेही त्याच नोंदींतून निघालं. हे यंत्र तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रातल्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेनं बनवलं होतं.

डेटा दोन्हींचा खुला आहे : मेव्हनचा नासाच्या ग्रहविषयक डेटा संग्रहात, मेन्काचा इस्रोच्या आयएसएसडीसी या अवकाश विज्ञान डेटाच्या पोर्टलवर. मेव्हनच्या फाइली साध्या तक्त्यांच्या असतात, स्प्रेडशीटमध्ये उघडतात. आर्गॉनचा स्तंभ घ्या, खाली जातानाच्याच नोंदी ठेवा, घनतेचा लॉगॅरिदम उंचीसमोर मांडा. १६० ते २०० किमीमध्ये बिंदू बऱ्यापैकी सरळ रेषेत बसतात. लाटांसारखे वरखाली होताना दिसले तर ती आकडेमोडीची चूक समजू नका. खालून वर येणाऱ्या गुरुत्वलहरी, म्हणजे हवेतल्याच लाटा (कृष्णविवरांच्या टकरीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी नव्हेत), तिथे खरोखर असतात.