आमच्या कंपनीत सात सर्व्हर आहेत. व्हर्च्युअलायझेशन केलं तर वीजबिल किती कमी होईल? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

आधी एक सांगा, जुने सर्व्हर बंद करायची परवानगी तुम्हाला मिळणार आहे का? ती नसेल तर बिल एका रुपयानेही कमी होणार नाही, उलट वाढेल. आमच्याकडे वाढलं होतं.

मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सिस्टिम सांभाळतो. ईआरपी (म्हणजे खरेदी-साठा-उत्पादनाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर), टॅली, हजेरी, ड्रॉइंगच्या फायली, सगळ्याला वेगळा सर्व्हर, कारण प्रत्येक व्हेंडर म्हणायचा, ‘आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याबरोबर टाकलंत तर सपोर्ट देणार नाही.’ सीपीयू पाहिला तर दिवसभर दहा टक्क्यांच्या आत. आणि सर्व्हर नुसता बसून असला तरी पूर्ण लोडच्या निम्म्यापर्यंत वीज खाऊ शकतो, जुना असेल तर जास्तच.

दोन नवी मशीन घेऊन सगळं त्यांवर हलवलं. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे हेच, एका खऱ्या मशीनवर (त्याला होस्ट म्हणतात) सॉफ्टवेअरने बनवलेले अनेक वेगवेगळे सर्व्हर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम, चालवायचे. हजेरीच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली, लागायचं, ते व्हर्च्युअल मशीनवर चालणारच नाही असं व्हेंडरने ठासून सांगितलं होतं. डोंगल होस्टला लावलं, तो यूएसबी त्या व्हीएमला जोडून दिला आणि पहिल्या शिफ्टचं पंचिंग बिनबोभाट आलं.

मग प्लांट हेड म्हणाले, ‘जुने राहू देत चालू, अडीअडचणीला.’ म्हणजे जुनेही चालू आणि नवेही. वर अकाउंट्सच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, ‘बिलात बचत कुठे दिसते?’ कॉम्प्रेसर आणि फर्नेसच्या बिलात सर्व्हर रूम म्हणजे दर्यामें खसखस, दिसणार कुठून? मी इलेक्ट्रिशियनकडून सर्व्हर रूमच्या लाइनवर सबमीटर बसवून घेतला, रोजचं रीडिंग वहीत लिहिलं आणि भांडून एकेक जुना सर्व्हर बंद करवला. आकडा निम्म्याच्या खाली आला. सर्व्हरने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती एसीला बाहेर काढावी लागते. पूर्वी अखंड घुमणारा एसी मग मधेमधे कट-ऑफ होऊ लागला. तोही अठरावर ठेवायचं कारण नाही. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते असं ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. आमचा पंचविसावर आहे.

तुमचा हिशेब असा करा: ३०० वॅट घेणारा एक सर्व्हर वर्षभर चालला की २,६२८ युनिट होतात. बंद होणाऱ्या सर्व्हरांच्या युनिटांतून नव्या मशीनची युनिटं वजा करा, उरलेल्याला तुमच्या दराने गुणा आणि एसीचा वाचलेला खर्च वर धरा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर २०२३च्या शेवटी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही व्हर्च्युअलायझेशनची मोठी कंपनी घेतल्यापासून तिथे कायमची लायसन्स मिळत नाहीत, सगळं सबस्क्रिप्शनवर. सात सर्व्हरच्या कंपनीने त्या वाटेला जाऊ नये. लिनक्स जमत असेल तर प्रॉक्समॉक्स, नाहीतर विंडोज सर्व्हरमधलं हायपर-व्ही. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त कोअरचं मशीन घेतलंत की वाचलेली वीज लायसन्समध्ये जाईल.

हो, आणि होस्ट दोनच घ्या, एक बंद पडला तर दुसऱ्याने सगळा भार पेलला पाहिजे. बॅकअप तिसऱ्या जागी. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आम्ही वेगळंच ठेवलंय, ते डिस्कला सतत जुंपून ठेवतं. एक-दोनच सर्व्हर असतील तर हा खटाटोप करू नका.

पण सबमीटर काम सुरू करायच्या आधी बसवा, आधीचं रीडिंग हातात नसेल तर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि जुने सर्व्हर कोणत्या तारखेला बंद होणार हे नव्या मशीनच्या खरेदीच्या प्रस्तावातच लिहा, त्यावर मालकाची सही घ्या. नंतर ‘अडीअडचणीला राहू देत’ म्हणणारा कोणीतरी निघतोच, आणि ते बिल आयटीच्या नावावर फाडलं जातं.