जुळलेली हाडं आणि दुखणारा पाय

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि एक्स-रे मिळाले. बारा वर्षांचा मुलगा, घोटा सारखा मुरगळतो, खेळून आला की दुखतो, आणि टाचेचं हाड पुढच्या नॅव्हिक्युलर हाडाला जाऊन भिडलेलं. टार्सल कोअ‍ॅलिशन, म्हणजे पायाच्या हाडांमधला जन्मजात जोड, तू अचूक ओळखलंस, त्याचा आनंद आहे. पण पुढच्याच ओळीत ‘ऑपरेशन कधीचं लावू?’ असं विचारलंस, तिथे तुला जरा थांबवतो. जोड असणं वेगळं आणि त्या जोडामुळे पाय दुखणं वेगळं. असा जोड घेऊन जन्मभर बिनतक्रार चालणारी माणसं पुष्कळ असतात. त्यांना तो कधी कळतही नाही.

गर्भात पायाची हाडं एकमेकांपासून सुटी व्हायची राहून जातात आणि मध्ये तंतूंचा किंवा कूर्चेचा पूल उरतो. लहानपणी तो लवचिक असतो, म्हणून पोर उड्या मारत असतं. टाच आणि नॅव्हिक्युलरमधला पूल साधारण 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान कडक होऊ लागतो, टॅलस, म्हणजे टाचेवर बसणारं घोट्यातलं हाड, आणि टाच यांच्यामधला 12 ते 16 च्या सुमारास. तक्रारी नेमक्या याच वयात सुरू होतात त्या यामुळे. निम्म्या मुलांत दोन्ही पायांत जोड सापडतो, तेव्हा न दुखणारा पायही बघ. आईवडिलांच्या पायांवरही नजर टाक, काही घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं.

आता हाताने काय तपासलंस ते पत्रात नाही. मुलाला पाठमोरं उभं करून चवड्यांवर उभं राहायला सांग. साध्या सपाट पायात टाच आत वळते आणि तळव्याची कमान उठून दिसते. जोड असलेल्या पायात बहुधा टाच बाहेर कललेली ती तशीच राहते. मग त्याला बसव, घोटा काटकोनात धर, टाच तळहातात घे आणि आतबाहेर फिरवून बघ. टॅलस आणि टाचेमधला सबटेलर सांधा हलतच नसेल तर ते तुझ्या हाताला लगेच कळेल. टाच आत ढकलताना पायाच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू दोरीसारखे ताठ होतात आणि मूल पाय ओढून घेतं. दुखणारी जागा त्याला एका बोटाने दाखवायला सांग. बोट सायनस टार्सीवर, म्हणजे घोट्याच्या पुढे बाहेरच्या बाजूच्या खळग्यात, आलं तर एक्स-रे आणि दुखणं जुळलं.

टाच-नॅव्हिक्युलर जोडासाठी 45 अंशांचा ऑब्लिक, म्हणजे तिरका, एक्स-रे हवाच, नुसत्या समोरच्या आणि बाजूच्या चित्रांत तो सहज निसटतो. ऑपरेशनचा विचार असेल तर दोन्ही पायांचा सीटी कर. एका पायात दोन जोड असू शकतात, आणि एक काढून दुसरा राहिला तर दुखणं तिथेच. तंतूंचा पूल सीटीत नीट दिसला नाही तर एमआरआय.

आधी चार ते सहा आठवडे गुडघ्याखालचं चालतं प्लास्टर दे, नंतर बुटात आधार. बऱ्याच मुलांचं एवढ्याने भागतं. दुखणं परत आलं तर ऑपरेशन, आणि मग ते पुरेपूर करायचं. इथे हात आखडता घेणं हीच नेहमीची चूक. वरून रुंद आणि तळाशी निमुळता असा तुकडा काढला की चित्र छान दिसतं, पण तळव्याकडचा भाग तसाच राहतो. दोन्ही छेद समांतर घे. मोकळ्या जागेत करंगळीचं टोक तळापर्यंत जायला हवं. टेबलावरच ऑब्लिक चित्र घे, टाच फिरवून बघ, आणि हालचाल मिळाल्याशिवाय टाके घालू नकोस. टॅलसच्या डोक्यावरची कूर्चा छिन्नीपासून जप, ती लगतच असते. पोकळीत चरबी भर किंवा बोटं उचलणाऱ्या छोट्या स्नायूचा पोट-भाग, म्हणजे हाड पुन्हा जुळणार नाही. मला चरबी अधिक भरवशाची वाटते, कारण तो स्नायू पुष्कळदा तळापर्यंत पोचतच नाही.

टॅलस-टाच जोडाचं गणित अवघड. जोडाचं क्षेत्र सबटेलर सांध्याच्या मागच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून कमी आणि टाचेचा बाहेरचा कल 16 अंशांच्या आत असेल तर नुसता जोड काढून चांगला निकाल मिळतो, असं पूर्वापार शिकवलं जातं. ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, पण कल मोठा असेल तर जोड काढूनही पाय दुखत राहतो. अशा वेळी टाचेचं हाड कापून लांब करणं, टाचेमागची आखडलेली शीर (अकिलीज टेंडन) सैल करणं, याचाही विचार लागतो.

मोठ्यांच्या बाबतीत आधी आजूबाजूचे सांधे बघ. एखाद्याचा पाय पस्तिशीत पहिल्यांदा मुरगळतो आणि तेव्हा जोड उघडकीला येतो. सांधे शाबूत असतील तर मोठ्यांतही जोड काढता येतो. पण सबटेलर सांधा झिजला असेल तर जोड काढून काही साधत नाही, तो सांधाच नीट कोनात कायमचा जुळवावा लागतो. झीज पसरली असेल तर टाच आणि टॅलसभोवतालचे तिन्ही सांधे जुळवावे लागतात. ज्या आजारात हाडं नको तिथे जुळली, त्यावर हाडं जुळवणं हा उपाय रुग्णाला उलटा वाटतो. घाई न करता समजावून सांग: दुखतं ते अर्धवट हलणाऱ्या, झिजलेल्या सांध्यामुळे, आणि पूर्ण थांबलेला सांधा दुखत नाही.

तुझ्या या मुलाच्या आईवडिलांना सांग की आज निर्णय घ्यायचा नाही. प्लास्टर घाल, खेळ बंद ठेव, शाळा चालू राहू दे. प्लास्टर काढल्यावर चवड्यांवर उभं करून पुन्हा तपास, मग खेळू दे आणि महिन्याभराने परत बोलाव. तेव्हा दुखत असेल तर सीटी करून मला पाठव, छेद कुठून घ्यायचा ते बोलू.

कळावे.