प्लॅटफॉर्मचा नाद सोडा (उत्तर : मीडिया स्टडीजची ओपनिंग)

केंब्रिज बोर्डाच्या मीडिया स्टडीज विषयासाठी थ्रिलर पिक्चरची ओपनिंग (म्हणजे सुरुवातीची दोन मिनिटं), चौघांचा ग्रुप, शूटिंग रात्रीच्या रेल्वे प्लॅटफॉर्मवरच हवं आणि परवानगीचं पत्र कुठल्यातरी टेबलावर अडकलेलं. तुमची पोस्ट वाचून हसू आलं. प्लॅटफॉर्मच्या जागी बोटीचा धक्का टाका, की झाली आमची गोष्ट. स्टोरीबोर्ड, शॉट लिस्ट वगैरे तुमच्या मॅडम सांगतीलच, त्यात मी पडत नाही.

आम्हाला दाखवायचं होतं इतकंच की पहाटे लाँचमधून एक मुलगी सुटकेस घेऊन उतरते. धक्का ज्या कार्यालयाच्या ताब्यात होता (नाव घेत नाही) तिथे शाळेचं पत्र घेऊन गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी छापील अर्ज दिला. रकाने असे : जनरेटर व्हॅन किती, व्हॅनिटी किती, ज्युनियर आर्टिस्ट किती, सेट लावणार असल्यास क्षेत्रफळ. आमच्याकडे एक फोन, एक ट्रायपॉड आणि मैत्रिणीच्या आईची सुटकेस. सगळीकडे ‘निरंक’ लिहिलं. अर्ज परत. “निरंक चालत नाही, आकडा टाका.” शून्य टाकलं, तर “मग शुल्क कशावर लावू?” विद्यार्थ्यांसाठी वेगळा अर्ज नाही का, विचारलं, साहेब चहा प्यायला गेले. पुढच्या खेपेला पोलिसांचं ना-हरकत मागितलं. पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी जागेच्या मालकाची परवानगी दाखवा. ते मिटतंय तोवर कळलं की पत्रावर प्राचार्यांची सही चालत नाही, संस्थेच्या सचिवांची लागते, तीही जावक क्रमांकासह.

सरळ ‘नाही’ म्हणाले असते तर आम्ही दुसऱ्या दिवशी जागा बदलली असती. “बघतो, सोमवारी या” याने घात केला. साउंडवर काम करायचे दिवस त्या खिडकीसमोर गेले. शेवटी एका बिल्डिंगच्या जिन्यात उरकलं, आणि मार्क नेमके साउंडला कापले गेले. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : परवानगीला एक तारीख ठरवा. त्या दिवशी कागद हातात नसेल तर लोकेशन बदला, चर्चा नको. राज्य सरकारच्या जागांसाठी गोरेगावच्या चित्रपट महामंडळाची एक खिडकी योजना आहे, पण रेल्वे केंद्राची. तिथलं काम रेल्वेच्या त्या-त्या झोनचा जनसंपर्क विभाग बघतो. ‘फोनवरच तर घेतोय’ म्हणून गुपचूप शूट करायला जाऊ नका. आरपीएफने हटकलं तर निस्तरायला शाळा येणार नाही. (मी वकील नाही, नियम बदलतात, तुमचं तुम्ही तपासा.)

शिवाय प्लॅटफॉर्म दिसायलाच हवा का? रुळांजवळ राहणारा एखादा मित्र गाठा, रात्री त्याच्या खिडकीत फोन ठेवून गाडीचा आवाज रेकॉर्ड करा. पुठ्ठ्यात ओळीने चौकोनी फटी कापा आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्चसमोरून तो पुठ्ठा झरझर सरकवा. भिंतीवरून आणि नटीच्या चेहऱ्यावरून गाडी गेल्यासारखा उजेड सरकतो. स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज असला की कॉपीराइटची कटकटही मिटते. बाहेरचं संगीत घ्यायचं तर कॉपीराइट-मुक्तच लागतं.

ट्यूबलाइटखाली शूट करणार असाल तर फोनच्या प्रो मोडमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमच्या ऑटो सेटिंगला चित्र फडफडू शकतं आणि ते एडिटमध्ये सहजासहजी जात नाही. पंखा, फ्रिज बंद करून प्रत्येक खोलीचा नुसता शांततेचा आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेवा, कट जोडताना त्यावाचून अडतं. फ्रिज परत चालू करायला विसरू नका, ज्यांच्या घरी शूट कराल त्या काकू पुन्हा घरात घेणार नाहीत.

आणि दोन मिनिटांत खून, तपास, ट्विस्ट सगळं उरकू नका. ओपनिंग आहे, पुढे पिक्चर आहे असं वाटलं पाहिजे. तुमच्या पोस्टमधला शेवटचा ‘तोच खुनी निघतो’ हा सीन मी तरी उडवला असता. चिडू नका, ज्याची त्याची आवड.

टायटल्सही त्याच दोन मिनिटांत बसवायची आहेत, दिग्दर्शकाचं नाव शेवटी. मराठीत देणार असाल तर प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये साउथ एशियनचं टेक्स्ट इंजिन निवडा, नाहीतर ‘दिग्दर्शक’मधली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ घ्या, दोन्ही फुकट आहेत. ते रक्त ठिबकणारे हॉरर फॉन्ट मात्र कृपा करून नकोत.