आधी पाणी, मग टायर

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

डिसेंबरच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियातलं नलारबॉरचं ओसाड मैदान सायकलने ओलांडायचं म्हणतोस, ते पत्र दोनदा वाचलं. टायरवर अकरा ओळी, गिअरवर सात, घरच्यांच्या विरोधावर अर्धं पान. पाण्यावर एकच शब्द: 'मिळेलच'. तुझा गोंधळ टायरचा नाहीच, म्हणून टायरचं उत्तर आज देत नाही.

पश्चिमेचं नॉर्समन ते पूर्वेचं सेडुना साधारण १,२०० किलोमीटर. मधे गाव म्हणावं असं जवळजवळ काही नाही, फक्त रोडहाउस, म्हणजे पेट्रोल, खाणं आणि मुक्कामाचे थांबे. त्यातले तीन टप्पे लक्षात ठेव: नॉर्समन ते बॅलडोनिया १९० किलोमीटर, बॅलडोनिया ते कायगुना १८२, आणि दोन राज्यांच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजपासून नलारबॉर रोडहाउसपर्यंत पुन्हा १८०च्या वर. नकाशावर यातला एकेक टप्पा तुला 'दोन दिवस' दिसतो. मला तो पंधरा लीटर दिसतो. इथे दिवस किलोमीटरने मोजायचा नसतो, पाण्याने मोजायचा.

हिशोब असा. सामान लादलेली सायकल आणि समोरून वारा असेल तर ताशी १२ किलोमीटर धर. १८२ किलोमीटरला पंधरा तास पेडल मारणं, म्हणजे दोन दिवस आणि मधे एक मुक्काम. गार हवेतही चालवताना पिण्यासाठी दिवसाला पाच लीटर, दोन दिवसांचे दहा. रात्रीचं जेवण, सकाळचा चहा मिळून दोन. वर तीन लीटर राखीव, त्याला हात लावायचा नाही. वाटेतल्या थांब्यांवर पावसाच्या पाण्याच्या टाक्या दिसतील. त्या हिशोबात शून्य धर. कधी कोरड्या असतात, कधी आत काहीतरी मेलेलं असतं. पाणी मिळालं तर उकळून घे आणि वरकमाई समज.

पंधरा लीटर म्हणजे पंधरा किलो. ते कुठे बांधतोस यावर सायकल सरळ चालणार की डुलणार हे ठरतं. फ्रेमवर तीन बाटल्या, पुढच्या काट्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड लीटर, बाकी मागच्या पॅनियरमध्ये, म्हणजे चाकाच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, अगदी तळाशी. कॅरिअरवर उंच काही ठेवू नकोस. आणि दहा लीटरची एकच पिशवी तर नकोच, तिला भोक पडलं की सगळं गेलं. चार-चार लीटरच्या दोन घे. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामातून मीठ जातं. लीटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; दिवसातल्या दोन बाटल्या तरी अशा हव्यात.

खाणंही पाण्यानेच निवड. पास्ता उकळून पाणी ओतून देणं तिथे परवडत नाही. पोहे ने. अ‍ॅडलेडला भारतीय दुकानात मिळतात, शिजवावे लागत नाहीत, आणि भिजवलेलं पाणी पोटातच जातं. फळं, भाज्या मात्र सेडुनाला पोचायच्या आत संपव, तिथल्या तपासणीत काढून घेतात.

आता डिसेंबरचं. सुट्टी तेव्हा आहे म्हणून तेव्हाच जायचं, हे डोक्यातून काढ. तिथे तो भर उन्हाळा. १९ डिसेंबर २०१९ रोजी नलारबॉरला ४९.९ अंश नोंदले गेले. असल्या उन्हात तासाला लीटरभर घाम सहज जातो, आणि त्या मापाचं दोन दिवसांचं पाणी सायकलवर चढतच नाही. त्यापुढे तुझी हिंमत आणि तुझा टायर दोन्ही बिनकामाचे. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर. थंडीकडे पश्चिमेचा वारा जोर धरतो, म्हणून नॉर्समनहून पूर्वेकडे ये. दहा दिवसांत नाही होणार, पंधरा-सोळा धर.

आर्थर रिचर्डसनचा दाखला मला देऊ नकोस. १८९६मध्ये कूलगार्डीहून अ‍ॅडलेडला तो सायकलने ३१ दिवसांत पोचला, छोटंसं गाठोडं आणि पाण्याची एक पिशवी घेऊन, हे खरं. पण तो तारायंत्राच्या खांबांच्या कडेकडेने गेला, आणि यूक्लासारखी तारेची ठाणी त्या वाटेवर होती. त्यानेही पाण्याची वाट धरली होती, एवढंच वाच त्यातून.

बिघाड पाण्याच्या भाषेत वाच. पंक्चर म्हणजे अर्धा तास, अर्धा तास म्हणजे पाव लीटर. फुटलेल्या ट्रक-टायरमधल्या केसाएवढ्या तारा रस्त्याच्या कडेला पसरलेल्या असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला टोचतात. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरव, जिथे धागा अडकेल तिथे तार. चिमट्याने ओढून काढ, नाहीतर नवी ट्यूब तासाभरात बसते. तंबू लावताना जमीन बघ. आपल्याकडचं गोखरू तिथेही आहे. मागच्या चाकाची गिअरकडची तार (स्पोक) तुटली तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, काढायचं अवजार लागतं. ते नसेल तर लिफ्टची वाट बघत बसायचं, तेही बाटलीतलं पाणी पीत. चार जादा तारा, बरोबर लांबीच्या, फ्रेमला चिकटव.

रोड ट्रेन, म्हणजे मागे ट्रेलर जोडलेला अजस्र ट्रक, ३६ मीटरपर्यंत लांब असते. समोरून एक आणि आरशात मागून एक दिसली की रस्ता सोडायचा, खडीवर पाय टेकून उभं राहायचं. पंधरा किलो पाण्याने जड झालेली सायकल त्या वाऱ्यात सावरत नाही.

कायगुनाच्या पुढे घड्याळ पाऊण तास पुढे जातं. रोडहाउस बंद व्हायची वेळ त्या घड्याळाने असते, तुझ्या नाही. आदल्या दिवशी फोन करून पाणी देतात का, विकत घ्यावं लागतं का, विचारून घे. फोनची रेंज बहुधा रोडहाउसपाशीच मिळेल. ४०६ मेगाहर्ट्झचा आणीबाणीचा बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीची हाक देणारं यंत्र, नोंदवून बरोबर ठेव, पॅनियरमध्ये नाही, अंगावर.

जड माणूस म्हणतात मला, जुनाट म्हणतात. म्हणोत. राखीव पाणी शेवटी जमिनीवर ओतावं लागलं याची खंत मला कधी वाटली नाही. चुटपूट आहे ती वेळापत्रकासाठी केलेल्या घाईची, आणि तू नेमका तेच वेळापत्रक घेऊन आलास म्हणून जीव तुटतो. रागावलो असेन तर त्यापायी.

तारखा बदल. मग प्रत्येक टप्प्यासमोर लीटरचा आकडा लिहून तो कागद पाठव. तो आला की टायरचं बोलू.